लोह आणि ऑक्सिजन दोन्ही वाहणारी तांबडी पेशी गंजत कशी नाही? ई जीवनसत्त्वाविषयी प्रश्न

तेरणाकाठ (औसा)

नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हा भाग चालू असताना बारावीतल्या एका मुलीने असा प्रश्न विचारला, की पंधरा दिवस झाले तरी तो मनातून जात नाही. ती म्हणाली, "मॅडम, लोखंडाला हवा लागली की ते गंजते, चिरून ठेवलेले वांगे काळे पडते. रक्तातल्या तांबड्या पेशीत तर लोहही आहे आणि ऑक्सिजनही ठासून भरलेला आहे. मग ती पेशी गंजत कशी नाही?" हिमोग्लोबिन ऑक्सिजनला सैलपणे धरते, त्याच्याशी कायमचा संयोग करत नाही, एवढे मी तिला सांगितले. पण पेशीचे स्निग्ध पदार्थांनी बनलेले आवरण ऑक्सिजनच्या इतक्या जवळ राहूनही कसे टिकते, याचे उत्तर मला देता आले नाही. ई जीवनसत्त्व ऑक्सिडीकरणाला अटकाव करते, हे वाक्य आपण सगळेच पाठ केलेले असते. तो अटकाव नेमका कोठे आणि कसा होतो, हे मला रेणूच्या पातळीवर समजून घ्यायचे आहे.

या प्रश्नाला घरचीही एक बाजू आहे. माझ्या धाकट्या जावेचे हिमोग्लोबिन ८.९ आले आहे. एका औषध दुकानात तिला लोहाच्या गोळ्यांबरोबर ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलची पट्टी देण्यात आली आणि "याने रक्तपेशी टिकतात" असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? शिवाय आमच्या घरी अजूनही स्वतःच्या शेतातल्या करडईचे घाण्यावरचे तेल वापरतात. त्यात हे जीवनसत्त्व भरपूर असते असे सासूबाई ऐकून आहेत, तर करडईचे तेल लवकर खवट होते अशी माझी स्वतःची तक्रार आहे. या दोन गोष्टी एकाच तेलाविषयी खऱ्या कशा असू शकतात, हेही जाणकारांनी सांगावे.

सिंदफणा (बीड)

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला प्रथम हे सांगा, की तांबडी पेशी गंजत नाही असे नाही. ती रोज थोडी थोडी गंजतच असते. मी विकृतिशास्त्राचा डॉक्टर आहे आणि गेली बावीस वर्षे रक्ताच्या काचपट्ट्या पाहतो आहे. इतक्या वर्षांनंतरही मला या पेशीचे नवल वाटते ते ती खराब होत नाही म्हणून नव्हे, तर होणारे नुकसान ती सुमारे १२० दिवस निस्तरत राहते म्हणून.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. ऑक्सिजन सोडताना बहुतेक वेळा तो जसा आला तसा निघून जातो, परंतु कधीकधी तो लोहाचा एक इलेक्ट्रॉन घेऊनच निघतो. अशा वेळी मागे उरलेले लोह फेरस अवस्थेतून फेरिक अवस्थेत जाते, म्हणजे हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते, आणि बाहेर पडलेला ऑक्सिजन हा साधा ऑक्सिजन न राहता सुपरऑक्साइड होतो. दिवसाला अर्धा ते तीन टक्के हिमोग्लोबिनच्या बाबतीत हे घडते. एक टक्का धरला तरी एकट्या पेशीत दिवसाला २७ लाख वेळा. यापैकी लोहाची दुरुस्ती एक विकर (एन्झाइम) करते, त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तात मेथहिमोग्लोबिन एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच सापडते. सुपरऑक्साइडचे दुसरे एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइड करते, आणि त्या पेरॉक्साइडचे पाणी करण्याचे काम कॅटॅलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरिडॉक्सिन ही तीन विकरे वाटून घेतात.

ही सगळी व्यवस्था पेशीच्या आतल्या पाणीदार भागात आहे. आवरणाची गोष्ट वेगळी आहे आणि तुमचा खरा प्रश्न तेथे आहे. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन असतो, तर तिला पाणथरीतल्या ज्या फटींतून जावे लागते त्या एक मायक्रॉनच्या आसपास असतात. एवढ्या फटीतून घुसून पलीकडे पुन्हा मूळ आकारात यायचे असेल, तर आवरण लवचीक हवे, आणि त्यासाठी त्यात असंतृप्त मेदाम्ले हवीत. ज्या रचनेमुळे ही मेदाम्ले लवचीक राहतात, त्याच रचनेत त्यांचा धोकाही आहे. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो, त्याच्यावरचे हायड्रोजन फार सैल असतात. लिनोलेइक आम्लात अशी जागा एक असते, ॲराकिडोनिक आम्लात तीन असतात, आणि ओलेइक आम्लात एकही नसते. एखाद्या मुक्त मूलकाने, म्हणजे जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या आक्रमक रेणूने, असा एक हायड्रोजन हिसकावला, की उरलेल्या मेदाम्लावर ऑक्सिजन येऊन बसतो आणि पेरॉक्सिल मूलक तयार होते. ते स्वस्थ बसत नाही. शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढते, स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत होते, पण शेजाऱ्याला पेटवून जाते. कडब्याच्या गंजीला एका कोपऱ्यात ठिणगी पडावी आणि पेंडीमागून पेंडी धरत जावी, तसे हे आहे. पहिली ठिणगी लहानच असते, नुकसान साखळीने होते. आवरण ताठ होते, त्यातली प्रथिने एकमेकांना चिकटतात, आतल्या बाजूला असायला हवेत असे काही स्निग्ध रेणू बाहेरच्या बाजूला येतात, आणि ती खूण ओळखून पाणथरीतल्या भक्षक पेशी त्या पेशीला गिळतात. नुकसान फारच झाले तर पेशी रक्तप्रवाहातच फुटते.

आता ई जीवनसत्त्वाकडे येऊ. त्याचे मुख्य रूप म्हणजे अल्फा टोकोफेरॉल. या रेणूला एक डोके आणि एक शेपटी आहे. शेपटी सोळा कार्बनची, तेलकट. ती आवरणाच्या आत रुतून बसते. डोक्यावर एक हायड्रॉक्सिल गट आहे आणि तो आवरणाच्या पृष्ठभागाजवळ, पाण्याच्या कडेला राहतो. पेरॉक्सिल मूलक शेजारच्या मेदाम्लाकडे वळण्याआधीच हा हायड्रॉक्सिल गट आपला हायड्रोजन त्याला देऊन टाकतो. मेदाम्लापेक्षा तो हे काम हजारो पटींनी वेगाने करतो, म्हणूनच आवरणात हजारभर स्निग्ध रेणूंमागे टोकोफेरॉलचा एखादाच रेणू असला तरी भागते. हायड्रोजन दिल्यावर टोकोफेरॉल स्वतः मूलक होते, हे रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला वेगळे सांगायला नको. परंतु त्याचा एकटा इलेक्ट्रॉन वलयावर पसरून राहतो आणि त्यामुळे ते मूलक पुढच्या मेदाम्लाला हात लावण्याइतके आक्रमक राहत नाही. साखळी तेथे तुटते. हे मूलक दुसऱ्या एका पेरॉक्सिल मूलकालाही निकामी करू शकते, किंवा पृष्ठभागाजवळ असल्यामुळे पाण्यातल्या सी जीवनसत्त्वाकडून हायड्रोजन घेऊन पुन्हा टोकोफेरॉल होऊ शकते. सी जीवनसत्त्वाला पूर्वपदावर आणण्यासाठी ग्लुटाथायोन हा पेशीतला लहान रक्षक रेणू लागतो, ग्लुटाथायोनला एनएडीपीएच हा हायड्रोजन पुरवणारा रेणू लागतो, आणि तो तांबडी पेशी ग्लुकोज वापरून तयार करते. म्हणजे पेशीच्या काठावर जो हायड्रोजन खर्च होतो, त्याची भरपाई अखेर आपण खाल्लेल्या भाकरीतून होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ई जीवनसत्त्व पहिली ठिणगी थांबवत नाही. लोहाचे फेरिक होणे, सुपरऑक्साइड तयार होणे, यांपैकी काहीही त्याच्या हातात नाही. ते फक्त आग पसरू देत नाही. तांबड्या पेशीला याची गरज इतर पेशींपेक्षा जास्त, कारण तिला केंद्रक नाही. नवे प्रथिन ती बनवू शकत नाही, म्हणून विकरांची शिदोरी जन्माच्या वेळी मिळते तेवढीच. टोकोफेरॉल मात्र तिला रक्तद्रवातल्या स्निग्ध-प्रथिन कणांकडून आयुष्यभर मिळत राहते, आणि म्हणूनच आहारातली कमतरता तिच्या आवरणात दिसून येते.

हे प्रयोगाने कसे कळले, तेही सांगतो. तांबड्या पेशी सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही तास ठेवून किती टक्के फुटतात हे पाहण्याची एक जुनी चाचणी आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात सगळ्याच फुटतात, ते शंभर टक्के धरतात. ई जीवनसत्त्व पुरेसे असलेल्या रक्तात थोड्याच पेशी फुटतात, कमतरता असली की बहुतेक फुटतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एल्गिन येथे मॅक्स हॉर्विट यांनी काही पुरुषांना अनेक वर्षे हे जीवनसत्त्व कमी असलेला आहार दिला. रक्तातले टोकोफेरॉल जसे उतरत गेले, तसे पेरॉक्साइडमध्ये पेशी फुटण्याचे प्रमाण वाढत गेले. ते पुरुष मनोरुग्णालयातील होते, आणि असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, करूही नये. परंतु प्रौढ माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम अल्फा टोकोफेरॉल हवे, हा २००० साली अमेरिकेत ठरलेला आकडा प्रामुख्याने याच निरीक्षणांवर उभा आहे. तांबड्या पेशीचे फुटणे हेच तेथे मोजमाप होते.

तुमच्या जावेविषयी. त्याच एल्गिनच्या प्रयोगात इतकी वर्षे कमतरता राहूनही त्या पुरुषांना उघड रक्तक्षय झाला नाही, पेशींचे आयुष्य तेवढे थोडे घटले. प्रौढ निरोगी माणसाला रक्त कमी होण्याचे कारण ई जीवनसत्त्वाची कमतरता असणे फार दुर्मीळ आहे. यकृतातून पित्त नीट न येणे, आतड्यात स्निग्ध पदार्थ न शोषले जाणे, किंवा काही आनुवंशिक आजार यांत ती दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि आपल्याकडे त्यामागचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता हेच आहे. तेथे पेशी लवकर मरतात असे नसून मुळात हिमोग्लोबिनच पुरेसे तयार होत नाही. टोकोफेरॉल आवरण राखते, लोहाची उणीव ते भरून काढत नाही. तुमच्या जावेने संपूर्ण रक्ततपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी-१२ करून घ्यावे. पेशी खरोखरच फुटत असतील अशी शंका असेल, तर रेटिक्युलोसाइटची (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची) संख्या, बिलिरुबिन आणि एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात येणारे विकर) यांवरून ते कळते. मासिक पाळीत रक्तस्राव किती होतो, हे त्यांना कोणी विचारले आहे का? बहुतेक वेळा उत्तर तेथे असते आणि विचारायचे राहून जाते.

दुधना (सेलू)

डॉक्टरसाहेबांनी आवरणाचे सांगितले, मी तेलाचे सांगतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन मी गावी लाकडी घाणा चालवतो, आणि ताईंच्या घरातले दोन्ही पक्ष माझ्याकडे रोज गिऱ्हाईक म्हणून येतात.

डब्यातले तेल खवट होते आणि तांबड्या पेशीचे आवरण खराब होते, या दोन्हीमागची रासायनिक क्रिया एकच आहे. मुक्त मूलक, ऑक्सिजन, हायड्रोपेरॉक्साइड, आणि शेवटी त्याचे तुकडे होऊन तयार झालेले वासाचे ॲल्डिहाइड. थायोबार्बिट्युरिक आम्लाची जी चाचणी अन्नप्रयोगशाळेत खवटपणा मोजायला वापरतात, तीच संशोधक रक्तातली हानी मोजायलाही वापरतात. ई जीवनसत्त्वाचा शोधसुद्धा खवटपणाच्या वाटेनेच लागला. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी ज्या उंदरांवर काम केले, त्यांच्या खाद्यात डुकराची खवट झालेली चरबी होती. ते उंदीर चांगले वाढत, परंतु माद्यांचे गर्भ टिकत नसत. लेट्यूसची पाने आणि नंतर गव्हाच्या अंकुराचे तेल दिल्यावर ते टिकू लागले. म्हणून ग्रीक भाषेतल्या प्रसूतीच्या शब्दावरून पुढे टोकोफेरॉल हे नाव ठेवले गेले.

आता करडई. आपल्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते. म्हणजे डॉक्टरसाहेब म्हणतात त्या सैल हायड्रोजनांचा साठाच. त्याच १०० ग्रॅम तेलात अल्फा टोकोफेरॉलही ३४ मिलिग्रॅमच्या आसपास असते. शरीरात एक ग्रॅम बहुअसंतृप्त मेदाम्लामागे साधारण ०.४ मिलिग्रॅम टोकोफेरॉल लागते असे मानतात. त्या हिशेबाने ७५ ग्रॅमला ३० मिलिग्रॅम लागेल. बीने आपल्या तेलाच्या रक्षणापुरते टोकोफेरॉल बरोबर ठेवले आहे, थोडेसे वर. त्यामुळे ताई, तुमच्या सासूबाईंचे म्हणणे खरे आहे आणि तुमची तक्रारही खरी आहे. हे तेल जितके देते तितके मागतेही. शेंगदाणा तेलात अल्फा टोकोफेरॉल याच्या निम्म्याहून कमी, पंधरा-सोळा मिलिग्रॅम असते, पण त्यात ओलेइक आम्ल जास्त असल्यामुळे त्याची मागणीही कमी असते. सोयाबीन तेलाची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यात टोकोफेरॉल एकूण भरपूर, पण बहुतेक गॅमा रूपात. आणि यकृतातले एक प्रथिन अल्फा रूपच निवडून रक्तात परत पाठवते, बाकीची रूपे शरीर बाहेर टाकते. लातूर-धाराशिवचा शेतकरी सोयाबीन पिकवतो म्हणून ते तेल वाईट असे मी म्हणणार नाही, परंतु टोकोफेरॉलच्या आकड्याची तुलना करताना रूप पाहायला हवे.

करडईमागे माझा जीव अडकला आहे हे मी लपवत नाही. काटे टोचतात म्हणून सकाळच्या थंडाव्यात काढणी करायची, ज्वारीच्या पिकात तिची तास पेरायची, कोवळ्या पानांची भाजी करायची, हे सगळे माझ्या लहानपणचे आहे. विद्यापीठाने परभणी कुसुमसारखे वाण दिले, तरी पेरा उतरत गेला. जे अजून पेरतात त्यांना एवढेच सांगतो, की तेलातले टोकोफेरॉल तेलाला वाचवताना खर्च होते. तेल खवट झाले याचा अर्थ त्यातले रक्षक आधीच कामी आले. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा वेळी पारदर्शक बाटली खिडकीत ठेवू नये, पत्र्याचा डबा किंवा गडद बाटली काठोकाठ भरून अंधारात ठेवावी, आणि वर्षभराचे तेल एकदम काढण्यापेक्षा करडई साठवून दोन-तीन महिन्यांचे तेल काढावे. बी अखंड असेपर्यंत तेल सुरक्षित असते. जवसाच्या तेलात तर तीन दुहेरी बंधांचे लिनोलेनिक आम्ल निम्म्याहून जास्त असते, म्हणून जवसाची चटणी थोडीथोडीच कुटतात; आपल्या आज्यांना कारण माहीत नसेल, पण नाकाला कळत होते. तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवले तर टोकोफेरॉल झपाट्याने जाते, आणि रिफायनिंगमध्ये वास काढण्याच्या टप्प्यावर त्याचा काही भाग वाफेबरोबर निघून जातो. नैसर्गिक ई जीवनसत्त्व तयार करण्यासाठी तो निघालेला भागच कच्चा माल म्हणून वापरतात.

एक मोठा चमचा करडई तेलातून साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांतून दोन-अडीच, शिवाय पालेभाज्यांतून थोडे, असा हिशेब केला तर आपल्या साध्या जेवणात फार उणीव राहत नाही.

तेरणाकाठ (औसा)

डॉक्टरसाहेब, दुधना दादा, दोघांचेही मनापासून आभार. कडब्याच्या गंजीचे उदाहरण मी वर्गात जसेच्या तसे वापरले आणि ती मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे एक ओली पेंडी मधे ठेवायची." जावेची फेरिटिनची तपासणी झाली, ते फारच कमी निघाले आहे, आणि पाळीविषयी खरोखरच कोणी विचारलेले नव्हते.

आता एक नवी शंका उभी राहिली आहे. लोह स्वतःच मुक्त मूलके तयार करायला मदत करते, हे फेंटनच्या अभिक्रियेत आम्ही शिकवतो. मग तिला लोहाच्या गोळ्या चालू असताना तांबड्या पेशींना जास्त धोका नाही का, आणि त्यासाठी तरी ई जीवनसत्त्व सोबत द्यायला नको का?

मन्याड (नांदेड)

ताई, तुमची ही शंका एका वेगळ्या वयोगटात अगदी खरी ठरली होती. मी नवजात शिशूंच्या कक्षात काम करणारी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून ती हकिगत सांगते.

ई जीवनसत्त्व आईकडून बाळाकडे फार थोडे जाते आणि बाळाच्या अंगावर चरबी शेवटच्या आठवड्यांत चढते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे त्यामुळे साठा जवळजवळ नसतो, आणि त्याचे आतडे स्निग्ध पदार्थ नीट शोषतही नाही. १९६७ साली अमेरिकेत फ्रँक ओस्की आणि लुईस बार्नेस यांनी अशा बाळांमधल्या एका रक्तक्षयाचे वर्णन केले. बाळ सहा ते दहा आठवड्यांचे होते तेव्हा हिमोग्लोबिन अपेक्षेहून खाली जाई, अंगावर सूज येई, रेटिक्युलोसाइट वाढलेले असत, आणि पेरॉक्साइडच्या चाचणीत पेशी भराभर फुटत. ई जीवनसत्त्व दिल्यावर हे थांबत असे. त्या काळच्या डब्याच्या दुधात वनस्पती तेलामुळे बहुअसंतृप्त मेदाम्ले वाढली होती आणि लोहही घातलेले असे. म्हणजे आवरणात जळण जास्त, ठिणगी जास्त आणि ओली पेंडी नाही. पुढे डब्याच्या दुधात मेदाम्लांच्या प्रमाणात ई जीवनसत्त्व घालण्याचे नियम झाले आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. तांबड्या पेशीविषयीचे प्रयोगशाळेतले ज्ञान बाळांच्या इतके थेट उपयोगी पडले, याचा मला या विषयात सर्वांत जास्त आनंद वाटतो.

परंतु त्यातूनच अतिरेकही झाला. १९८३-८४ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायचे या जीवनसत्त्वाचे एक औषध पुरेशी तपासणी न होता वापरात आले आणि अपुऱ्या दिवसांची अनेक बाळे दगावली. जीवनसत्त्व आहे, त्याने काय होणार, असे कोणी म्हटले की मला तो प्रसंग आठवतो.

आपल्याकडच्या आयांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. प्रसूतीनंतरचे पहिले पिवळसर, घट्ट दूध ई जीवनसत्त्वाने नंतरच्या दुधापेक्षा पुष्कळ समृद्ध असते. आमच्या भागातल्या काही घरांत ते अजूनही पिळून टाकतात आणि बाळाला मधाचे बोट चाटवतात. टाकू नका. बाळाच्या तांबड्या पेशींना हवे ते त्या दुधात आहे, आणि मध तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नसतो.

सिकलसेलविषयी, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराविषयी, थोडे सांगते, कारण किनवट-माहूरकडची बाळे आमच्याकडे येतात. सिकल हिमोग्लोबिन जास्त सहजपणे ऑक्सिडीकृत होते, त्या पेशींचे आवरण सतत माराखाली असते, आणि या रुग्णांच्या रक्तात ई जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी सापडते. तरीही ते देऊन आजार आटोक्यात येतो असे सिद्ध झालेले नाही. हायड्रॉक्सियुरिआ हे या आजाराचे औषध बंद करून ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल घेणे हे घातक आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी मोफत होते, ती लग्नाआधी करून घ्यावी.

सिंदफणा (बीड)

मन्याड ताईंनी बाळांचे सांगितले ते मोठ्यांना लागू होत नाही, एवढे स्पष्ट करतो. प्रौढ माणसाच्या रक्तात लोह मोकळे फिरत नाही. ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाला बांधलेले असते आणि पेशीत गेल्यावर फेरिटिनमध्ये बंदिस्त होते. फेंटनची अभिक्रिया मोकळ्या लोहाची आहे. लोह कमी असलेल्या स्त्रीचे ट्रान्सफेरिन तर बरेचसे रिकामेच असते. तेव्हा जावेने लोहाच्या गोळ्या निर्धास्तपणे, पूर्ण मुदतीपर्यंत घ्याव्यात. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही साठा भरण्यासाठी त्या पुढे काही महिने लागतात. गोळीबरोबर लिंबू पिळलेले पाणी घेतले तर लोह जास्त शोषले जाते, आणि चहा त्या वेळी टाळावा.

कॅप्सूलविषयी माझे मत असे, की कारण नसताना ती घेऊ नये. सहसा मिळणारी कॅप्सूल ४०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे रोजच्या गरजेच्या पंचवीसपटीहून जास्त. जास्त मात्रेत हे जीवनसत्त्व के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि रक्त गोठणे मंदावते. वॉरफॅरिनसारखे रक्त गोठू न देणारे औषध चालू असणाऱ्याने तर डॉक्टरांना न विचारता ती घेऊच नये. आणि आवरणात टोकोफेरॉल पुरेसे असताना आणखी ओतून पेशीचे आयुष्य १२० दिवसांचे १५० होत नाही.

तेरणाकाठ (औसा)

जावेची कॅप्सूल कालच बंद केली. पट्टी उरली आहे, म्हणून वर्गात एक प्रयोग करावा असे मनात आहे. जवसाच्या तेलाच्या तीन लहान बाटल्या घ्यायच्या. एक अंधारात, एक उन्हात, आणि एक उन्हातच पण त्यात एका कॅप्सूलमधले ई जीवनसत्त्व पिळून. मग दर आठवड्याला पोटॅशियम आयोडाइड घालून सुटलेले आयोडीन थायोसल्फेटने मोजायचे, म्हणजे पेरॉक्साइड किती वाढले ते मुलींना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. दुधना दादा, यात काही चूक आहे का?

दुधना (सेलू)

अनुमापन उत्तम आहे, मुली ते कधी विसरणार नाहीत. परंतु तिसऱ्या बाटलीत फरक दिसणार नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच विषयातले आहे. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत पाहा, बहुतेक कॅप्सूलमध्ये टोकोफेरील ॲसिटेट असते. ज्या हायड्रॉक्सिल गटाने हायड्रोजन द्यायचा, तोच ॲसिटेटने झाकलेला असतो, म्हणजे कॅप्सूल स्वतः कपाटात टिकते. आपण ती गिळतो तेव्हा आतड्यातली विकरे तो ॲसिटेट तोडतात आणि मग टोकोफेरॉल कामाला लागते. बाटलीत ती विकरे नाहीत. तिसऱ्या बाटलीत कॅप्सूलऐवजी एक गंजका खिळा टाका आणि तिन्ही बाटल्यांचा आयोडीनचा आकडा तीन आठवडे लिहून ठेवा. कॅप्सूलची चौथी बाटलीही हवी तर ठेवाच, आणि तिने काम का केले नाही, हे त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला शोधू द्या.